नान्नजचा माळढोक आणि मी

मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे, मित्रांनो. सोलापुरात जोडभावी पेठेतल्या एका घरात, कॉम्प्युटरच्या डब्यात मी राहतो. तुम्ही मला पाहिलं नसेल, पण पडद्यावर तुम्हाला जे दिसतं ते माझ्यासारख्याच कुणीतरी दाखवलेलं असतं. मी कंपासपेटीपेक्षा थोडा मोठा आहे. अंगावर एक पंखा आहे आणि खालच्या कडेला सोनेरी दातांची एक रांग. त्या रांगेनं मी मुख्य बोर्डात घट्ट बसतो आणि तिच्यातूनच बोलतो, ऐकतो. ही रांग लक्षात ठेवा.

माझा जन्म वाळूतून झाला. समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात वाळू वितळवून, शुद्ध करून तिच्या चकत्या कापल्या गेल्या. नखावर मावेल एवढ्या तुकड्यावर कोट्यवधी वाटा कोरल्या गेल्या. ज्यांनी त्या कोरल्या त्यांनाही त्या डोळ्यांनी दिसल्या नसतील, इतक्या त्या बारीक होत्या. मला आजही त्याचं नवल वाटतं. नदीकाठच्या वाळूसारखीच ती वाळू. तिला कुणीतरी हिशेब करायला शिकवलं.

सोलापुरात मी प्रथम आलो तो सात रस्त्याजवळच्या एका गेमिंग कॅफेत. तिथे मी रात्रंदिवस मोटारी पळवल्या, किल्ले पाडले. मुलं खुर्चीवरून उडी मारून "भारी कार्ड हाय रे!" म्हणायची आणि माझा पंखा जोरात फिरायचा. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. कॅफे बंद पडला. जुन्या सामानाच्या दुकानात, तारांच्या गुंत्याखाली, मी बराच काळ पडून होतो. तिथे माझ्यावर धूळ बसली ती बोटानं रेघ ओढता येईल इतकी.

त्या धुळीतून मला उचललं दाक्षायणीनं. ती कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. बोलते कमी, पाहते नीट. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तिनं लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी फुकट प्रणाली बसवली होती, आणि मला आणलं ते तिच्या वडिलांसाठी.

तिचे वडील चनबसप्पा. घरात आणि गल्लीत त्यांना सगळे आण्णा म्हणतात. आण्णांनी जन्मभर सोलापुरी चादरींची नक्षी काढली. चौकटीच्या कागदावर एक चौकोन म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची एक गाठभेट. चौकोन भरला तर रंगाचा धागा वर येतो, रिकामा राहिला तर खाली जातो. अशा हजारो चौकोनांतून मोर उभे राहायचे, कमळं उमलायची. आता मात्र आण्णांचा डावा डोळा गेला होता आणि उजव्याच्या मधोमध डाग पडला होता. तो पसरत जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. कागदावरचे चौकोन त्यांना दिसेनासे झाले होते.

पण जाण्याआधी त्या डोळ्याला एक काम करायचं होतं. लहानपणी आण्णांनी नान्नजच्या माळावर माळढोक पाहिला होता. उंच मान, डोक्यावर काळी टोपी, चालणं एखाद्या पाहुण्यासारखं सावकाश. आता तो पक्षी तिथे क्वचितच कुणाच्या नजरेस पडतो. "मोर समदेच इनत्यात," आण्णा म्हणायचे, "माळढोक कुनी इनला न्हाय. तेवडा एक मी करनार."

दाक्षायणीनं भिंतीवर मोठा पडदा लावला आणि मी त्यावर एकेक चौकोन तळहाताएवढा करून दाखवू लागलो. आण्णा मान तिरकी करून डागाच्या कडेनं पाहायचे, माउसनं चौकोन भरायचे. मोटारी पळवताना मला कधी असं वाटलं नव्हतं. एक म्हातारा माणूस माझ्या उजेडात एका पक्ष्याला पिसापिसानं माळावर परत आणत होता.

नक्षी संपत आली. मान आणि डोळा तेवढा राहिला, आणि खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा होते. दाक्षायणीचा धाकटा भाऊ गुरुशांत यंत्रमाग चालवतो. त्यानं माग पुसला, आडवा धागा नेणारे धोटे पुसले, आणि आण्णांनी सांगितलं म्हणून कॉम्प्युटरचा डबाही उघडून झटकला. मला बाहेर काढून पाटावर ठेवलं. शेजारी कात्री, धोटा आणि मागाची फणी. फणी म्हणजे बारीक दातांची लांब पट्टी. मागावरचा प्रत्येक उभा धागा तिच्या दातांमधून जातो. विणकराची पूजा फणीला विभूती लावल्याशिवाय पुरी होत नाही.

आण्णांनी पाटावरच्या वस्तू हातानं चाचपत पूजा केली. ओल्या विभूतीची तीन बोटं कात्रीला, धोट्याला, फणीला. मग त्यांचा हात माझ्यावर आला. बोटं पंख्यावरून फिरली, कडेशी आली आणि सोनेरी दातांवर थांबली. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्या त्या रांगेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रेमानं विभूती ओढली.

दुसऱ्या दिवशी गुरुशांतनं मला पुन्हा जागेवर बसवलं. विभूती वाळून घट्ट झाली होती. दाक्षायणीनं बटण दाबलं. पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला.

आता तिची अडचण समजून घ्या. पूजेच्या आदल्या दिवशीच तिनं लिनक्सची नवी आवृत्ती घेतली होती. त्यामुळे तिचा संशय सरळ ड्रायव्हरवर गेला. ड्रायव्हर म्हटलं की तुम्हाला एसटीचा ड्रायव्हर आठवेल. हा तसा नाही. हा दुभाषा आहे. आमच्या घरात आण्णा कन्नडमध्ये रागावतात आणि मराठीत समजूत घालतात. गुरुशांतची बायको नवी सून म्हणून आली तेव्हा सुरुवातीला तिला मध्ये कुणीतरी लागायचं. तसाच कॉम्प्युटर आणि माझ्यामध्ये दुभाषा लागतो. नव्या आवृत्तीत जुना दुभाषा चुकला असेल, असं तिला वाटलं. ते अगदीच खोटंही नव्हतं. दोष दोन होते, आणि एक दुसऱ्याच्या मागे लपला होता.

तिनं पडद्याची तार माझ्यातून काढून मुख्य बोर्डाला लावली. सुरू होताना ग्राफिक्सची सगळी हुशारी बाजूला ठेवायला सांगणारा शब्द टाइप केला. चित्र आलं, पण कमी ठिपक्यांचं आणि रुंद पडद्यावर ताणलेलं.

आण्णा पुढे सरकले. बराच वेळ तिरके पाहत राहिले.

"हे काय गं यव्वा? माळढोकाची पार कोंबडी केलीस की!"

"पडदा ताणला गेलाय थोडा, आण्णा."

"थोडा? चौकोन समदे बसके झाल्यात. असलं इनलं तर गिऱ्हाईक इचारंल, ही अंडी कदी देती म्हनून."

दाक्षायणी हसली, पण लगेच कामाला लागली. तिनं जुना ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला. लिनक्सच्या आधीच्या आवृत्तीत जाऊन पाहिलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत कॉम्प्युटर तिला कारणं सांगत होता आणि ती एकेक कारण वाचून खोडत होती. मी तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होतो. मला सगळं ठाऊक होतं आणि मला सांगता येत नव्हतं. माझं तोंडच लिंपलेलं होतं.

गुरुशांत दारात उभा राहून म्हणाला, "अक्का, किती झटशील त्या डबड्याशी? भंगारात दे की. दिवाळी झाली की नवा घेऊ."

"दिवाळीपर्यंत आण्णांचा डोळा थांबणार आहे का?"

आण्णांनी ते ऐकलं असावं. खिडकीकडे तोंड करून त्यांनी उजव्या डोळ्यासमोर हाताची बोटं धरली आणि एकेक मिटून पाहिली.

ते पाहून दाक्षायणी थांबली. मग तिनं जो प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा, तो आता विचारला. बोर्डावर कोण कोण बसलं आहे? कॉम्प्युटरनं सगळ्यांची नावं सांगितली. आवाजाचं यंत्र, नेटचं यंत्र, बोर्डाचं स्वतःचं साधं ग्राफिक्स. माझं नाव त्यात नव्हतं.

"आण्णा, ड्रायव्हरचा प्रश्नच नाही आला अजून. कार्डच दिसत नाहीये."

"मला दिसत न्हाय ते ठीक हाय. मशीनला बी दिसत न्हाय व्हय?"

"आत आहे ते. पण कॉम्प्युटरला त्याचा पत्ताच नाही."

"असं कसं? मी सोता पूजा केली की त्याची."

दाक्षायणीचा हात की-बोर्डवरच राहिला. "तुम्ही? विभूती कुठं लावलीत त्याला?"

"कुटं म्हंजे? फणीला. आनि कुटं लावत्यात?"

गुरुशांत भिंतीला टेकून हसत सुटला. "आण्णा, तोंडच बंद केलंत की हो त्याचं!"

"आणि बसवताना तू काय डोळे मिटले होतेस?" दाक्षायणी म्हणाली. त्याचं हसू थांबलं.

तिनं मला हळूच बाहेर काढलं. विद्यार्थ्यांच्या पेटीत असतो तसा पांढरा खोडरबर घेतला आणि माझ्या एकेका दातावरून फिरवला. राख निघाली, खाली सोनं चमकलं. "चुकलो की गं," आण्णा म्हणाले.

"नाही आण्णा. धागे जातात तीच ती जागा. ओळखलीत बरोबर. फक्त ही कोरडी ठेवायची."

आता कॉम्प्युटरनं माझं नाव घेतलं. पण दुसरा दोष पुढे आलाच. माझ्या जुन्या दुभाष्याला नव्या आवृत्तीची भाषा येत नव्हती, आणि मला बनवणाऱ्यांनी माझ्या पिढीसाठी नवा दुभाषा देणं बंद केलं होतं. त्यांच्या लेखी माझं आयुष्य संपलं होतं.

दाक्षायणीनं मग दुसरा ड्रायव्हर निवडला. तो बनवणाऱ्यांनी लिहिलेला नव्हता. तो लिहिला होता वेगवेगळ्या देशांतल्या अनोळखी माणसांनी. माझ्या भाषेचा शब्दकोश त्यांना कुणी दिला नव्हता. ते माझ्यासारख्या कार्डांशी एकेक शब्द बोलून पाहत, कार्ड काय उत्तर देतं ते टिपत, चुकत, पुन्हा विचारत. असं करत त्यांनी माझी भाषा शिकून घेतली आणि जो मागेल त्याला फुकट देऊन टाकली.

तिनं तार पुन्हा मला जोडली. तो ताणणारा शब्द पुसला. कॉम्प्युटर सुरू झाला आणि कुणीतरी मला माझ्या भाषेत हाक मारली. उच्चार थोडे निराळे होते, वेग जरा कमी होता, पण प्रत्येक शब्द मला कळत होता. मी आजवर जेवढे किल्ले उभे केले, त्यांतला एकही मला या हाकेएवढा थोर वाटला नाही.

पडद्यावर माळ उगवला. चौकोन चौकोनी झाले. माळढोक मान उंच करून उभा राहिला.

आण्णांनी हात जोडले. मग विचारलं, "हे कुनी केलं?"

दाक्षायणीनं त्यांना सगळं सांगितलं.

"ते आपल्याला वळखत्यात?"

"नाही आण्णा."

"मग आपल्यासाटी का म्हून केलं?"

आण्णांनीच मग हळूहळू मान हलवली. "माजी चादर पांघरून झोपनारा तरी मला कुटं वळखतो."

त्यांनी मान भरली. डोळा त्यांनी शेवटी ठेवला होता, नेहमीसारखा. मी तो एक चौकोन वाढवत वाढवत पडदाभर केला. त्यांनी माउस दाबला आणि माळढोकानं पाहिलं.

चादर मागावरून उतरली तेव्हा आण्णांच्या उजव्या डोळ्यात फक्त उजेड-अंधार उरला होता. गुरुशांतनं ती त्यांच्या मांडीवर अंथरली. त्यांची बोटं काठावरून चढली, पायांवरून, पंखांवरून, उंच मानेवरून, आणि एका जागी थांबली. "हितं हाय," ते म्हणाले. डोळा तिथेच होता.

मित्रांनो, यंदाच्या खंडेनवमीला मीही पाटावर होतो. आण्णांनी आधी विचारलं, "ह्याचं कपाळ कुटं हाय?" दाक्षायणीनं त्यांचं बोट धरून माझ्या पाठीच्या पत्र्यावर ठेवलं. तुम्हीही एवढंच करा. आमची धूळ झटका, आमची फणी कोरडी ठेवा, आणि आम्ही गप्प झालो तर भंगारात टाकण्याआधी एकदा उघडून बघा. आमच्या पाठीशी फार माणसं असतात. त्यांतली बहुतेक तुम्हाला कधीच भेटणार नाहीत.