आधी आईला पाठव

आमच्या ऑफिसात माणसाचा अनुभव बोटांवरून मोजतात. दहाच्या दहा सरळ असतील तर तो नवीन. ज्याला आम्ही छत्री म्हणतो त्याची चार सरळ आहेत, म्हणजे तो सगळ्यात सीनियर.

टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसून आम्ही भंगार ईमेल लिहितो. तुम्हाला लॉटरी लागली, तुमचं पार्सल अडकलं, परदेशातल्या राजपुत्राला तुमच्याशिवाय कोणी नाही. ते आम्हीच. मालक पैलवान. कुस्ती कधी खेळला नाही, पण त्याला मान नाही, म्हणून नाव शोभतं.

पैलवानाचा एकच नियम. कुठलाही मेल जगात सोडायच्या आधी त्याच्या आईला पाठवायचा. आई फसली तर मेल पास. नाही फसली तर लिहिणाऱ्याचं एक बोट टेबलाच्या खणात, आणि पैलवानाची कंबर खणावर.

"माझी आई भोळी आहे रे," तो म्हणायचा. "तिला अजून वाटतं मी विमा कंपनीत साहेब आहे. तीसुद्धा फसत नाही म्हणजे तुम्ही किती नालायक!"

गोम अशी, की तीन वर्षं रोज आमचे मेल वाचून त्याच्या आईचा, म्हणजे आमच्या मावशींचा, खोटं पकडण्यात हात धरणारं कोणी उरलं नव्हतं. शिवाय त्या प्रत्येकाला उत्तर द्यायच्या. माझ्या पहिल्या मेलला आलं: 'राजपुत्रा, दुसऱ्या ओळीत तुझे वडील वारले आणि सहाव्या ओळीत त्यांनीच सही केली. सावकाश लिहावं. जेवलास का?' डाव्या हाताची करंगळी गेली. दुसऱ्याला आलं: 'बँकेतला माणूस इतक्यांदा त्वरित म्हणत नाही. त्याला कसलीच घाई नसते. पाणी पीत जा.' करंगळीच्या शेजारचं गेलं.

तिसऱ्या मेलच्या दिवशी पैलवान सकाळीच म्हणाला, "आज उजवा हात."

"उजव्या हाताचं कुठलं बोट?"

"सगळा हात. आता किरकोळ विक्री बंद."

उजव्या हाताने मी टाइप करतो, जेवतो, आणि मारामारीत तोंड झाकतो. मला तो हवा होता.

"खरं लिही," छत्री कानात म्हणाला. "खऱ्यात चुका सापडत नाहीत."

म्हणून मी लिहिलं: 'तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे. डाव्या खांद्यावर भाजल्याचा डाग. झुरळ दिसलं की टेबलावर चढतो. एकट्या या, नाहीतर एकेक बोट खणात घालू.' खाली पत्ता दिला. सगळंच खरं लिहायचं ठरलं होतं, त्यामुळे तोही ऑफिसचा दिला.

वीस मिनिटं झाली तरी उत्तर नाही. पैलवानाने खण उघडला, आतल्या टाचण्या नीट डबीत भरल्या आणि माझा हात आत ठेवला.

"बोंबलू नकोस. खाली गिऱ्हाईक असतं."

तेवढ्यात दार बिजागऱ्यांसकट आत पडलं. दारावर मावशी उभ्या. उंची लाइटच्या बटणाएवढी, हातात खलबत्त्यातला लोखंडी बत्ता.

"माझा लेक कुठाय?"

पहिला बत्ता छत्रीला बसला, कारण तो जवळ होता. दोन दात टेबलावरून घरंगळत कीबोर्डात गेले. दुसरा पाण्याच्या पिंपाला. तिसरा माझ्या गुडघ्याला. हात खणात असल्यामुळे पळायची सोय नव्हती.

"मावशी, मीच ओलीस आहे!"

"गप! त्वरित त्वरित करणारा तूच ना? तोंडावरून कळतं!"

आणि गुडघा दुसरा.

पैलवान मात्र रडत होता. आनंदाने. "फसली! माझी आई फसली! पास रे, मेल पास!"

बत्ता हवेतच थांबला. मावशींनी त्याच्याकडे पाहिलं, मग खणाकडे, मग स्क्रीनवरच्या अर्धवट राजपुत्राकडे.

"राजपुत्र तू?" त्यांनी मला विचारलं.

"थोडाफार."

"आणि विमानतळावर अडकलेला तो डॉक्टर?"

छत्रीने रक्ताळलेल्या तोंडाने हात वर केला.

मावशी खुर्चीत बसल्या. मला वाटलं, आता रडतील.

"तीन वर्षं," त्या म्हणाल्या. "जगाला पक्का माल, आणि आईला कच्चा?"

त्यांनी माझा हात अलगद बाहेर काढला, पैलवानाचा आत ठेवला आणि खणावर कंबर टेकली. कंबर घराण्याचीच होती. वाळक्या फांदीवर गाडी गेल्यासारखा आवाज आला. खालचं गिऱ्हाईक पळालं.

मग त्यांनी बत्ता टेबलावर ठेवला आणि आमच्याकडून फसलेल्या सगळ्यांसाठी माफीचा मेल लिहून घेतला. 'आमची आजवरची सगळी पत्रं खोटी होती. आम्हाला क्षमा करा.' आमच्या ऑफिसातून निघणारा हा पहिला खरा मेल. तरी नियम तो नियम. मी तो आधी आईला पाठवला.

त्यांनी माझ्यासमोर बसूनच फोन काढला, भिंग लावून सावकाश वाचला आणि एका बोटाने उत्तर लिहिलं. माझ्या स्क्रीनवर आलं: 'खरी माफी मागणारा इतकं नीटनेटकं लिहीत नाही. विश्वास बसत नाही. जेवलास का?'

"जेवलो नाही," मी म्हणालो.

"मग लिहिणारा डाव्या हाताने जेवेल." त्यांनी खण उघडला. "लिहिलं कोणी हे?"

पैलवानाने सुजलेला पंजा उचलला आणि त्यातल्या सरळ उरलेल्या एकुलत्या एका बोटाने माझ्याकडे दाखवलं.