सरिताचं मत

“दार लाव, पोरी. अन् रेडिओ मोठा कर.”

आवाज इतक्या जवळून आला की अंधारात सरिताने मान वळवून मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. सिंगापुरात, हौगांगमधल्या त्या काँडोच्या फंक्शन रूममध्ये ओळखीची मराठी मंडळी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून सिनेमा बघत होती. एसीचा गारठा अंगाला झोंबत होता, आणि समोर पडद्यावर क्वेसी नावाचा काळा सार्जंट कमरेचा पट्टा सोडत होता. आवाज दादांचा होता. सरिताचे वडील. ते जाऊनसुद्धा आता बरीच वर्षं लोटली होती.

खरं म्हणजे आज तिने इथे यायलाच नको होतं. आज पौर्णिमा. सकाळी आंघोळ करून तिने बुद्धापुढे अष्टशील घेतलं होतं. दुपारनंतर अन्न नाही, खोटं नाही, खेळतमाशे पाहणं नाही. दर पौर्णिमेला ती हे न चुकता पाळायची. पण सिनेमाची तारीख ठरवताना तिच्या नवऱ्याने, रत्नदीपने, फक्त रविवार पाहिला, तिथी पाहिली नाही. “मी मागे बसून प्लेटा लावीन,” असं ती म्हणाली होती. तर निहारने हात धरून शेजारी बसवलं. “आई, नेक्स्ट वीक मी एनएसला जाणार. केस पण जाणार. बस ना.”

सक्तीच्या लष्करी सेवेवर निघालेल्या पोराच्या शब्दापुढे तिचं काही चालेना. ती बसली, आणि नजर मांडीवर ठेवून बसायचं असं तिने मनाशी ठरवलं.

पण लढाई काही नुसती डोळ्यांनी दिसत नाही. आफ्रिकेतून ब्रह्मदेशाच्या जंगलात आणलेली ती काळ्या शिपायांची पलटण डोक्यावर दारूगोळ्याच्या पेट्या घेऊन नदी ओलांडत होती, तेव्हा पाण्यावर गोळ्यांचा सडा पडला, आणि सरिताला वर बघावंच लागलं. एकाचा जबडा उडाला होता. तो तसाच, हातांनी तोंड धरून, पेटी न टाकता चालत होता. पलीकडच्या काठावर संगिनींची झटापट झाली. चिखलात माणूस माणसावर बसला आणि हातात आलेल्या दगडाने ठेचत राहिला, खालचा हलायचा थांबला तरी ठेचत राहिला. काठापलीकडची टेकडी जिंकली क्वेसीने. त्याने जखमी पोरांना पाणी द्यायला हुकमाविना पलटण थांबवली, म्हणून गोऱ्या कॅप्टनने त्याला गाडीच्या चाकाला बांधून सगळ्यांसमोर फटके मारले. पाठीची साल निघाली. क्वेसीने तोंडातून आवाज काढला नाही.

सरिता दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. रक्ताची तिला शिसारी नव्हती. पण युद्ध संपलं, क्वेसी गावी परतला, आणि बायकोच्या हातून पाण्याचं भांडं निसटलं, एवढंच निमित्त. तो उठला. त्याने कमरेचा पट्टा सोडला. बक्कल खुळखुळलं. आणि त्या आवाजाबरोबर दादा बोलले.

दिवे लागले. या मंडळींचा एक रिवाज होता. सिनेमा संपला की प्रोजेक्टरचा रिमोट हातोहात फिरायचा. रिमोट ज्याच्या हातात, बोलायचं त्याने, बाकीच्यांनी मधे तोंड घालायचं नाही. अर्थात तोंड सगळेच घालायचे.

“पहिला हाफ फाडू!” विक्रांतने सुरुवात केली. “ती नदी काय घेतलीय राव! दुसऱ्या हाफमध्ये मात्र रडगाणं.”

“माझं तर डोकं धरलंय,” विनीता म्हणाली. काँडो तिचा, त्यामुळे वडेही तिचेच. “किती ते रक्त! आणि शेवटी बायकोला मारतो ते कशाला दाखवायचं? इतका वेळ त्याच्याबद्दल वाटत होतं, ते सगळं गेलं ना.”

तिचा नवरा प्रबोध एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता. त्याने रिमोट हातात तोलला. “प्रचारकी आहे सरळ. फौजेत असा रंगबिंग कोणी बघत नाही. तिथे फक्त शिस्त.”

“तुझ्या घरात कोण होतं रे फौजेत?” विक्रांतने टोमणा मारला.

“नसेना का. वाचलंय मी.”

रत्नदीपने रिमोट जवळजवळ ओढूनच घेतला. सिनेमा त्यानेच निवडला होता आणि सकाळपासून त्याचा पाय जमिनीवर नव्हता. “वाचलंय म्हणे! माझा पणजा लढला, प्रबोध. परत आला तर गावात त्याला ओंजळीत वरून पाणी वाढलं. छातीवर बिल्ला होता त्याच्या तेव्हा. हा सिनेमा काळ्यांचा नाही, आमचा आहे.” विनीताकडे वळून तो म्हणाला, “पण विनीता वहिनी म्हणतात ते बरोबर. शेवट चुकला. अपमान सोसलेला माणूस घरी येऊन बायकोवर पट्टा काढेल? आपल्याच माणसाला का बदनाम करायचं? आता हिचे वडील बघा. हवालदार. एकाहत्तरची लढाई केलेले. घरात कधी चढा आवाज नाही. विचारा हिला. सांग गं.”

आणि त्याने रिमोट सरिताच्या हातात दिला.

आजवर या रिवाजात तिची पाळी आली की ती हसायची आणि रिमोट पुढे सरकवायची. सगळ्यांना ते ठाऊक होतं. विनीता तर चहा ओतायला उठलीही. निहार मात्र आईकडे अभिमानाने बघत होता. आजोबांच्या गोष्टींवरच तो वाढला होता. लढाईच्या गोष्टी सरितानेच सांगितल्या होत्या, आणि त्या खऱ्या होत्या. बाकीचं तिने नुसतं सांगितलं नव्हतं. न सांगणं म्हणजे खोटं नव्हे, असं तिने मनाला समजावलं होतं.

पण आता सरळ प्रश्न आला होता. आजचं एक शील तिच्या हातून मोडलंच होतं. दुसरं मोडायला तिचं मन धजेना.

“शेवट बरोबर आहे,” ती म्हणाली.

“काय?” रत्नदीपला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“दादा आईला मारायचे. पट्ट्यानेच.” तिचा आवाज नेहमीसारखाच, खालच्या पट्टीतला. “सुट्टीवर आले की पहिले दोन दिवस चांगले जायचे. मग भाजीत मीठ, नाहीतर पोरगं रडलं, काहीही पुरायचं. शेजारी ऐकू नये म्हणून मला दार लावायला सांगायचे, रेडिओ मोठा करायला सांगायचे. बक्कल आईच्या कानावर बसलं एकदा. तिला त्या कानाने अजून ऐकू येत नाही. मनगट मोडलं तेव्हा काडी मोडल्यासारखा आवाज झाला. रेडिओवर गाणं चालू होतं तरी मला तो ऐकू आला.” तिने रिमोट दुसऱ्या हातात घेतला. “त्यांना पलटणीत काय सोसावं लागलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण त्यांच्या पाठीवरही वळ होते. ते लहानपणी मी पाहिलेत. सिनेमा चांगला आहे. मला आवडला.”

तिने रिमोट शेजारच्या खुर्चीवर ठेवला. तो कोणी उचलला नाही. विक्रांत चपलेकडे बघत राहिला. विनीताने तिच्यापुढे वड्यांची प्लेट धरली, आणि हिचा उपास आहे हे आठवून तशीच मागे घेतली.

एमआरटीच्या गाडीत तिघं तीन दिशांना बघत उभे होते. बुकित बातोकच्या घरात शिरेपर्यंत रत्नदीपने दम धरला. त्यांच्याकडेच राहणारी सरिताची आई घरात नव्हती. या वेळी ती खाली व्हॉइड डेकवर, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, चिनी म्हाताऱ्यांच्या घोळक्यात बसलेली असे. त्यांची भाषा हिला येत नव्हती, हिची त्यांना, तरी रोज तासन्‌तास गप्पा चालत.

“समाधान झालं?” रत्नदीपने दार ढकललं. “आधीच आपल्याला कोण मोठं म्हणतं? तू त्यांच्या हातात दगड दिलास. आता चघळतील महिनाभर. गेलेल्या माणसाची अब्रू...”

“तिने खरं सांगितलं, पप्पा!”

“तू गप बस.”

निहार गप बसला नाही. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली आजोबांचा गणवेशातला फोटो होता, तो त्याने ओरबाडून काढला. “हा इथे का? टेल मी! हा माणूस इथे का?”

“ठेव तो!” रत्नदीपने त्याचा हात पिरगाळला. फ्रेम फरशीवर आपटून काचांचा चुरा झाला. निहारने बापाला दोन्ही हातांनी धक्का दिला. रत्नदीप चपलांच्या कपाटावर आदळला, कपाट कलंडलं, त्याच्या भुवईवर कोपरा लागून रक्ताची धार डोळ्यात उतरली. तो उठला तो हात उगारूनच. निहारची मूठही वर गेली. दोघांचे चेहरे त्या क्षणी अगदी सारखे दिसले.

ती मधे पडली नाही. ओरडलीही नाही. काचा चुकवत ती दाराशी गेली, आणि रत्नदीपने लोटलेलं दार तिने सताड उघडलं. बाहेरचं लोखंडी गेटही उघडलं. कॉरिडॉरमध्ये कपडे वाळत घालणारी शेजारीण थबकून आत बघू लागली. समोरच्या घरातल्या मुलीनेही मान बाहेर काढली.

“आता काय ते करा,” सरिता म्हणाली.

रत्नदीपचा हात आधी खाली आला. मग निहारची मूठ सुटली, आणि तो भिंतीला टेकून मटकन खालीच बसला.

“आय वॉज गोइंग टू हिट हिम. मी मारलं असतं पप्पांना.” तो स्वतःच्या हाताकडे बघत होता. “आणि आता तिथे मला शिकवणारच ना, हाऊ टू... आई, मी पण तसाच झालो तर?”

‘नाही होणार’ असं खोटं आश्वासन तिला द्यायचं नव्हतं. ओलं फडकं आणून तिने आधी नवऱ्याची भुवई दाबून धरली. मग पोराच्या तळव्यातली काच काढली. काम ओळखीचं होतं.

“आजी हा फोटो रोज बघते,” फुटलेल्या फ्रेमकडे बघत निहार म्हणाला.

“हो.”

“तिला लावायचा होता का?”

सरिताने भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं. सिंगापुरात घर घेतलं तेव्हा खिळा रत्नदीपने ठोकला होता, फोटो तिने स्वतः टांगला होता. आई सोफ्यावर बसून बघत होती. तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

“विचारलं नाही,” ती म्हणाली.

“कोणीच नाही? कधीच?”

“नाही.”

“तू विचार. मी विचारलं तर ती हसून टाळेल. आणि आज सगळ्यांना सांगितलंस ते पण सांग तिला. मी जायच्या आत. प्रॉमिस?”

“सांगते. विचारतेही.”

रत्नदीप गुडघ्यांवर बसून काचा वेचत होता. मान वर न करता तो म्हणाला, “ती लावाच म्हणेल. बघ तू.”

“म्हणू दे. मग लावू,” सरिता म्हणाली. “पण तिला विचारून.”

तिने तोंडावर पाणी मारलं, केस सारखे केले, पायांत सपाता सरकवल्या. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत खाली गेली. व्हॉइड डेकवर संध्याकाळचा वारा होता. चिनी म्हाताऱ्या उठून घरोघर निघाल्या होत्या, आणि दगडी टेबलाशी आई एकटीच, त्यांना हात हलवत बसली होती. सरिता खांबापाशी आली. मग वळसा घालून, आईच्या ज्या कानाने ऐकू येतं त्या बाजूने, तिच्याकडे चालू लागली.