शिवगंगाबाईंचा राहिलेला विषय

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. लोहाऱ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात, प्रयोगशाळेच्या कपाटातल्या खालच्या फळीवर माझा मुक्काम असतो. मित्रांनो, हल्लीच्या सूक्ष्मदर्शकांच्या पोटात दिवा असतो. मला मात्र खाली एक गोल आरसा आहे आणि खिडकीतले ऊन त्यात धरावे लागते. ढग आले की माझे काम बंद. आता तर ऊन असले तरी बंदच, कारण मला बाहेर काढायला सहसा कोणी येत नाही. खरे सांगतो, पडून राहून जेवढा शीण येतो, तेवढा कामाने येत नाही.

माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला. भुशाने भरलेल्या पेटीतून मी इथे आलो, तेव्हा माझ्यापुढे नारळ फुटला होता. पहिली वर्षे मजेची गेली. मुले रांग लावायची, एक डोळा मिटायची, आणि स्वतःच्याच पापण्या दिसल्या तरी "सर, किडा दिसला!" म्हणून ओरडायची. मग जीवशास्त्राचे सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा रिकामीच राहिली. मला कुलूप लागले.

शिवगंगा त्याच वर्षी अकरावीला आली. तिला डॉक्टर व्हायचे होते. कार्यालयात तिला सांगितले, "जीवशास्त्राला सर नाहीत, पीकशास्त्र घे, मार्क चांगले पडतात." तिने घेतले. मार्कही चांगले पडले. पण जीवशास्त्र नसले तर डॉक्टरकीची परीक्षाच देता येत नाही, हे तिला बारावीच्या निकालानंतर कळले. ती नर्सिंगला गेली, लग्न झाले, जवळच्या गावच्या सरकारी दवाखान्यात नोकरी लागली.

बऱ्याच वर्षांनी नियम बदलले. वयाची अट गेली, आणि जीवशास्त्र नंतर वेगळे देऊन पास झाले तरी चालेल, असे ठरले. चाळिशी ओलांडलेल्या शिवगंगाबाई प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा आमचे परिचर कल्याणप्पा हसले.

"सिस्टर, जर्नल तेवढं आणून द्या. प्रॅक्टिकलचे मार्क देतेतच सगळ्यांला."

"मार्क मिळतील मामा. पण म्या एकदाबी ह्यातनं बघितलं न्हाय."

नवे सूक्ष्मदर्शक परीक्षेसाठी जपून ठेवलेले, म्हणून माझा नंबर लागला. कल्याणप्पांनी मला रुमालाने पुसले. बाईंनी काचेवर कांद्याचा पापुद्रा ठेवला. चष्मा लावून बघितले, काही दिसेना. मग चष्मा काढून माझा स्क्रू हळूहळू फिरवला. मित्रांनो, माझ्यातून बघायला चाळिशीचा चष्मा लागत नाही. समोरच्या डोळ्याला जुळेपर्यंत मी वरखाली होतो. विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसल्या. बाई बराच वेळ मान वर करीनात. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "हे तवाच बघायचं होतं मामा." मलाही फार वाईट वाटले.

जीवशास्त्र त्या पास झाल्या. पण पुढची डॉक्टरकीची 'नीट' ही प्रवेशपरीक्षा अवघड निघाली. लातूरच्या शिकवण्या नोकरी सांभाळून जमणाऱ्या नव्हत्या. दिवसभर लसी आणि बाळंतपणे, घरी स्वयंपाक, आणि मग मोबाईलवर भौतिकशास्त्र. तेव्हा शिकलेले निम्मे विसरले होते आणि उरलेले बदलले होते. त्यांची लेक महेश्वरी म्हणे चिडायची, "आई, हे असं आता कुणी शिकवत न्हाय!" पहिल्या वर्षी गुण फारच कमी पडले. दुसऱ्या वर्षी बरे पडले, पण प्रवेशाच्या शेवटच्या यादीतही नाव आले नाही.

यादी लागल्यावर त्या प्रयोगशाळेत आल्या. कल्याणप्पा वाट बघतच होते.

"झालं का सिस्टर?"

"न्हाय मामा. परत फॉर्म भरते. काचा काढा जरा, एकदा नजरंखालनं घालते."

कल्याणप्पांचे तोंड उतरले. "दमत न्हाय का हो तुमी? डॉक्टर हुईपर्यंत पेन्शन यील. कशापायी करताव हे?"

"दमते की. लई दमते. पण अभ्यासानं न्हाय," बाई म्हणाल्या. "आमच्या दवाखान्यात डॉक्टर टिकत न्हायत. पेशंट आला की म्या म्हणते, धाराशिवच्या मोठ्या दवाखान्यात न्या. इतकी वर्षं तेवढंच म्हणतेय. परवा एका म्हाताऱ्याला जीपमधी बसवत हुते. त्यो म्हणला, पोरी, तूच डॉक्टर झाली असतीस तर मला ह्या वयात एवढं हिंडावं लागलं नसतं."

कल्याणप्पांनी काचांची पेटी काढून टेबलावर ठेवली.

मित्रांनो, माझी भिंगे पुसत जा, त्यांना बुरशी लागू देऊ नका, हे तर मी सांगणारच. पण त्याआधी एक करा. नाव घालताना "या विषयाला सर नाहीत" असे कोणी म्हणाले, तर गुपचूप घरी जाऊ नका. सर कधी येणार, ते विचारा. दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा विचारा. शिवगंगाबाई तेव्हा तुमच्याएवढ्याच होत्या, आणि हे त्यांना सांगायला कोणी नव्हते.