माझा फाळका आणि मैना

मित्रांनो, या भूमीवर रथ झाले, पालख्या झाल्या, मोटारी तर चिक्कार झाल्या. परंतु विलायती इंजिनाची आणि मेळघाटच्या सागवानी अंगाची स्टेशन वॅगन अमरावतीत एकच झाली, आणि ती म्हणजे मी. गेल्याच आठवड्यात एका गृहस्थांनी मला कौतुकाने न्याहाळलं, अंगावर टकटक केली आणि मालकांना विचारलं, "कपाट विकायचं आहे का?"

माझे मालक बापूसाहेब, निवृत्त वकील. त्यांच्या वडिलांनी मला सत्तर वर्षांपूर्वी घेतलं. सांगाडा बोटीतून आला, अंग इथल्या सुतारांनी चढवलं. त्यातला सगळ्यात देखणा भाग म्हणजे माझा फाळका, मागचं आडवं दार. पितळी बिजागऱ्या, दोन बाजूंना साखळ्या. खाली पाडला की दोघांपुरता बाक तयार. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात बापूसाहेब आणि सिंधूताई मेळघाटातल्या सेमाडोहच्या जंगलात याच बाकावर चहा पीत बसले होते. बापूसाहेब तासभर वाघाच्या सवयींवर बोलले. वाघ काही आला नाही. पण सिंधूताई सासरी आल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसल्या, आणि ते हसू मी अजून माझ्या लाकडात जपून ठेवलं आहे.

पुढे मी संत्र्यांच्या पेट्या वाहिल्या, वऱ्हाडी मंडळी वाहिली, एकदा तर घोडा रुसला म्हणून नवरदेवही वाहिला. मग घरात नवी पत्र्याची गाडी आली आणि मी मागच्या शेडमध्ये विटांवर चढले. माझ्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. नऊ वर्षांपूर्वी सिंधूताई माहेरी गेल्या असताना बापूसाहेबांनी शेड साफ केली आणि सुटा पडलेला फाळका अकोल्याच्या भंगारवाल्याला विकून टाकला. माझे चार गुळगुळीत टायर मात्र 'कधी लागतील' म्हणून जपून ठेवले.

सिंधूताई भांडल्या नाहीत. फक्त नऊ वर्षं अधूनमधून विचारत राहिल्या, "टायर बरे आहेत ना?"

यंदा त्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरली. त्या कुणाला दाखवत नव्हत्या, पण घाबरल्या होत्या. बापूसाहेबांनी विचारलं, "त्याआधी काही हवं का तुला?"

"सेमाडोह," त्या म्हणाल्या. "आपल्या फाळक्यावर बसून चहा."

तारखेला दीड महिना उरला होता.

इंजिन मेकॅनिकने पंधरा दिवसांत बोलतं केलं. दिव्याची काच अकोल्यात मिळाली, वायपरची काडी चांदूर रेल्वेला. फाळका मात्र कुठेच नाही. नवा करून घ्या, असं सगळे म्हणाले. बापूसाहेब म्हणाले, "बसणारी तीच आहे, तर बाकही तोच हवा." त्यांनी माझ्या बिजागऱ्यांच्या चार भोकांचा ठसा वर्तमानपत्रावर घेतला, शिंपी घेतो तसा. चौथं भोक तिरपं होतं; ते पाडताना सुताराला शिंक आली होती. हा कागद काखोटीला मारून बापूसाहेब लोकांच्या दारांना लावून बघत हिंडू लागले. दोन ठिकाणी त्यांना जनगणनेवाले समजून चहा मिळाला.

आधी 'आठवत नाही' म्हणालेला तोच अकोल्याचा भंगारवाला, किशोर, शेवटी डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, तुमी एक डाव इकता अन् मंग गावभर हुडकता, असं कावून करून राहिले? तो फाळका चांदूर बाजारच्या जानरावनं नेला. बकऱ्याच्या कोठ्याले."

जानरावांच्या संत्राबागेत गोठ्याला माझा फाळका उभा लावलेला होता. बापूसाहेबांनी कागद टेकवला. चारही भोकं जुळली, तिरप्यासकट. पाचवं भोक कागदाला मैना नावाच्या बकरीने पाडलं, आणि मग उरलेला कागदही खाल्ला. फाळक्याचा एक कोपरा तिने आधीच खाऊन ठेवला होता.

बापूसाहेबांनी सगळी हकिकत सांगितली, गुडघ्यांसकट. जानराव विरघळले. "घेऊन जा ना बापा! लाकूडच तं हाय."

पण त्यांच्या बायकोने, इंदूबाईने, कमरेवर हात ठेवले. "तुमी गप ऱ्हा. वकीलसाहेब, दार खुशाल न्या. पन मंग मैना कुठी ठेवू मी? पाचट लावू का दाराले? लांडगे हायेत इकडं."

"तुमच्या गावच्या नितेश सुताराला आजच नवं दार सांगतो," बापूसाहेब म्हणाले.

"मंग ते दार येइस्तोवर मैनालेही घेऊन जा. तिले त्या दाराची सवय हाय."

उभ्या हयातीत बापूसाहेबांनी अशी अट मान्य केली नव्हती. ती त्यांनी सही न करता मान्य केली.

फाळका पुन्हा माझ्या पाठीला बसला आणि ऑपरेशनच्या चार दिवस आधी आम्ही सेमाडोहला निघालो. पुढे बापूसाहेब आणि सिंधूताई, मागे मैना. घाटात मी दोनदा तापले, दोनदा निवले. माझं सागवान जिथून तोडलं होतं तिथली हवा अंगाला लागली आणि मला मेलीला उगाच भरून आलं. बापूसाहेबांनी फाळका पाडला. साखळ्या कुरकुरल्या. सिंधूताईंना त्यांनी हात धरून बसवलं. मैनेने खाल्लेल्या कोपऱ्यावरून सिंधूताईंनी बोट फिरवलं.

या वेळी वाघाचा विषय निघाला नाही.

"चुकलं माझं," बापूसाहेब म्हणाले. चाळीस वर्षांच्या वकिलीत त्यांनी एकही गुन्हा कबूल होऊ दिला नव्हता.

सिंधूताईंनी कप त्यांच्या हातात दिला. "चहा निवतोय," म्हणाल्या. आणि मग मैनेने बापूसाहेबांच्या धोतराचा सोगा तोंडात घेतला, तेव्हा तेच जुनं हसू मी पुन्हा ऐकलं.

ऑपरेशन नीट झालं. सिंधूताई आता काठी घेऊन माझ्यापर्यंत चालत येतात आणि मला पुसतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू नुसत्या वस्तू नसतात. त्यांच्यावर कुणीतरी कधीतरी बसलेलं असतं. विकण्याआधी घरात एकदा विचारा. याविषयी मला आणखी पुष्कळ गंभीर बोलायचं होतं, पण मैना या क्षणी माझी मागची गादी खाते आहे. तेव्हा तुमच्यापैकी कुणी चांदूर बाजारकडे जाणार असेल, तर नितेश सुताराला एवढंच विचारा: दार झालं का?