मोठी झालेली बुटकी कोंबडी

मी एक कोंबडी बोलतेय. कोणती कोंबडी, हे एवढ्यात विचारू नका. ते मला अजून नीट कळलेलं नाही, आणि ज्यांना कळलं होतं त्यांचं एकमेकांशी कधी जुळलं नाही.

अंड्यातलं मला काही आठवत नाही. आठवते ती बाजारातली जाळीची पेटी आणि मला चिकटून बसलेली एक तांबडी. आम्हा दोघींना एका म्हाताऱ्या शिंप्यानं विकत घेतलं. विकणारा म्हणाला, "बँटम आहेत, मास्तर. बुटकी जात. जन्मभर ओंजळीत मावतील." मास्तरांनी ओंजळ करून पाहिली. मी मावले. त्यांना तेवढं पुरलं.

मास्तरांचं दुकान नुकतंच बंद झालं होतं. सुईत दोरा ओवता येईना. घरात ते आणि त्यांची बायको, दोघंच. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलायची सवय, आणि घरी बोलायला काही उरलं नव्हतं. जेवताना नुसता भांड्यांचा आवाज. आम्ही आलो आणि त्यांना विषय मिळाला.

पण घर भाड्याचं. घरमालकीण वरच्या मजल्यावर राहायची. ती जिन्यावरूनच म्हणाली, "कबुतराएवढ्या राहणार असतील तर खुशाल ठेवा. पण मास्तर, ही पिलं आहेत हो. पाय बघा केवढे. उद्या मोठ्या झाल्या तर माझ्या अंगणात नकोत, आत्ताच सांगते."

"नाही व्हायच्या. बँटम आहेत."

"कोणती बँटम?"

मास्तरांनी आमच्याकडे वळून पाहिलं. ते विचारायचं राहूनच गेलं होतं.

तिथून गोंधळ सुरू झाला. मास्तरांचा मेहुणा आला. त्यानं माझा पाय धरून उजेडात नेला. "ही कोचीन. पायावर पिसं बघा भाऊजी, मोजे घातल्यासारखी! बारकी कोचीन एवढीच असते." कोचीन मोठीही असते, हे त्यानं चहा पिऊन झाल्यावर सांगितलं. मग जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी माझी बोटं मोजली. "पाच आहेत, इतर कोंबड्यांना चार असतात. सिल्की जातीचं रक्त असणार. पण सिल्कीची पिसं कापसासारखी असतात, हिची तशी नाहीत. आणि ही तांबडी तर वेगळीच दिसते."

"म्हणजे ही वाढेल का?" मास्तरांनी विचारलं.

"वाढली तर वाढेल," असं म्हणून डॉक्टरांनी पिशवी उचलली.

मी खुराड्यात बसून माझ्या पायांकडे बघत राहिले. मोजे माझेच होते, बोटंही माझीच. पण मी कोण ते कळेना. मी पुरती वाढलेली लहान कोंबडी होते, की मोठ्या कोंबडीचं पिलू? आतून तर काहीच फरक जाणवत नव्हता.

मास्तरांनी त्यांना येत होतं ते केलं. गळ्यात टेप अडकवून रोज सकाळी ते अंगणात यायचे आणि आमचं माप घ्यायचे. पंखाखालून टेप फिरवायचे. गिऱ्हाइकाला काचू नये म्हणून टेपात दोन बोटं घालायची जुनी सवय, ती बोटं माझ्या छातीशीही यायची. उबदार असायची. मग ते स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचे, "अगं, तेवढीच आहे!"

तो आवाज ऐकून मी ठरवलं, की आपण तेवढंच राहायचं. दाणे पडले की मी मागे सरायला लागले. तांबडी माझ्या वाटचेही खायची. मी नुसती माती टोचत बसायचे. पण सकाळी टेप यायचा, आणि मास्तर म्हणायचे, "तेवढीच!" त्यांना एवढा आनंद व्हायचा, की आपलं काही चुकतंय असं मला वाटलंच नाही.

मला थंडी वाजायची म्हणून मी पिसं फुगवून बसायचे. अंग आत गेलं, पिसं बाहेर आली. टेप पिसांवरून फिरायचा आणि माप जुळायचं.

एका सकाळी मी टेप लावून घ्यायलाही उठले नाही. घरातून बाई, मास्तरांची बायको, बाहेर आल्या. दुकान चालू होतं तेव्हा काज-बटणं त्याच करायच्या. कापडाच्या आत अस्तर कुठे गोळा झालंय ते त्यांच्या बोटांना कळायचं. त्यांनी पिसांत बोटं घातली आणि तशाच थांबल्या.

"अहो, माप कसलं घेताय? ही नुसती पिसं आहेत. आत हाड लागतंय हाताला."

मास्तरांनीही बोटं घातली. टेप गळ्यातून काढून त्यांनी खिशात कोंबला. मग मांडी घालून खाली बसले, मला मांडीवर घेतलं आणि भिजवलेला मका एकेक दाणा करून चोचीशी धरला.

"खा गं बाई. वाढायचं असेल तर वाढ. मी बघतो पुढचं."

माझा पुन्हा गोंधळ झाला. मग मी तेवढंच राहायचं होतं की नाही? पण भूक फार लागली होती. मी खाल्लं.

आणि मी वाढले. थांबायचं नाव घेईना. ओंजळ पुरेना, मग मांडी पुरेना. दिसायचं ते घरमालकिणीला दिसलंच, ती खाली आली. मास्तरांनी आधी तांबडीला पुढे केलं. मला शर्टाशी घट्ट दाबून धरलं होतं. बाई हळूच म्हणाल्या, "अहो, सोडा तिला. उभी राहू दे नीट."

मी अंगणात उभी राहिले.

"ही तर चांगलीच मोठी आहे!" घरमालकीण म्हणाली.

"हो ना. झाली मोठी," मास्तर म्हणाले. "छाती बघा कशी भरलीय."

"मास्तर, तुम्ही कबुली देताय की कौतुक सांगताय?"

पण शब्द तो शब्द. त्याच आठवड्यात मेहुणा मला घेऊन गेला.

आता मी त्याच्या घरामागच्या मोकळ्या जागेत असते. तांबडीनं सगळे दाणे खाल्ले आणि ती कबुतराएवढीच राहिली. मी उपाशी राहिले आणि केवढी झाले. याचा अर्थ मला लागत नाही. मेहुणा पाहुण्यांना कधी मला कोचीन म्हणतो, कधी आणखी काही. मी मान वाकडी करून ऐकते आणि माती उकरायला जाते.

तुमच्या दारात कुणी नवं आलं, तर ते कोण, केवढं होणार, हे जरूर विचारा. पण आधी पिसांत बोटं घालून बघा. एवढंच मागणं.

सुट्टीच्या दिवशी मास्तर आणि बाई बसनं येतात. मास्तर मला उचलतात. मी आता जड आहे. "भाऊजी, ठेवा खाली, हात भरून येतील," मेहुणा म्हणतो. ते ठेवत नाहीत. मीही खाली उतरायची घाई करत नाही.