भिंतीला पाठ लावून

सेफ्टी पिन तिनं मुठीत इतकी घट्ट धरली होती, की तळहातावर तिचा ठसा उमटला होता... ब्लाउजचा डावा खांदा घसरू नये म्हणून ती रोज आतून लावायची. एक्स-रे काढणाऱ्यानं अंगावरचं धातूचं सगळं काढायला सांगितलं तेव्हा ती कुठे ठेवावी हे न सुचून मुठीतच राहिली, आणि आता डॉक्टरीणबाई समोरच्या दिव्यावर फिल्म चढवत होत्या तरी ती पिनेकडेच बघत होती. न बघितल्यानं काही टळतं थोडंच! तिनं मान वर केली.

चित्रातला पाठीचा कणा काठीसारखा असतो. हा तसा नव्हता. वरून निघून उजवीकडे भरकटलेला, मग काहीतरी आठवल्यासारखा कमरेशी डावीकडे परतलेला — हा माझा? इतकी वर्षं मी याच्यावर उभी आहे?

“लहानपणापासूनचं आहे हे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वयानं तिच्या धाकट्या बहिणीएवढ्या असतील. “उंची वाढायच्या वयात सुरू होतं. बहुतेकदा कारण सापडत नाही.”

“मी नीट बसत नसे,” ती चटकन म्हणाली.

“बसण्याचा काही संबंध नाही हो. पोक काढून कुणाचा कणा असा वळत नाही. हे बघा, मणके नुसते कललेले नाहीत, पिळल्यासारखे फिरलेतसुद्धा. म्हणून तर वाकलात की पाठीची एक बाजू वर येते. आता व्यायाम करायचे, पुढच्या वर्षी पुन्हा फिल्म काढू. घाबरण्यासारखं काही नाही.”

“तेव्हाच कळलं असतं तर?”

“पाठीला पट्टा बांधून वाक वाढणं थोपवता येतं... पुष्कळदा.” मग फाइलीत लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, “घरात आणखी कुणाला होतं का असं?”

“नाही,” ती म्हणाली, आणि जिना उतरताना तिला आत्या आठवली.

म्हणजे आत्याची पाठच आठवली. वडिलांची थोरली बहीण; ती गेली तेव्हा ही अगदी लहान होती. खिडकीशी बसलेली, पदराखाली काहीतरी लपवल्यासारखी एका बाजूनं फुगलेली पाठ — बस, एवढंच.

नाना, तिचे वडील, शाळेत कवायतीचे मास्तर. ती तेरा वर्षांची झाली आणि अचानक संध्याकाळची भिंत सुरू झाली. टाचा भिंतीला, खांदे भिंतीला, डोकं भिंतीला. बहीण बाहेर खेळायची, आणि ती पोटात श्वास कोंडून उभी — सगळं टेकायचं, एक खांदा तेवढा टेकायचा नाही. “आळस! दुसरं काही नाही, निव्वळ आळस!” आणि तिला ते पटलं होतं. हीच तर खरी गंमत... नानांना सोडा, तिचं तिलाच पटलं होतं, की आपण मनापासून प्रयत्न करत नाही. पुढे परीक्षेत, नोकरीत, मोडलेल्या लग्नातसुद्धा, कुठे काही बिनसलं की आधी हेच — आपलीच ढिलाई असणार.

दुपारी ती कामावर गेली. कवळ्या बनवणाऱ्या त्या लहानशा कारखान्यात तिच्या टेबलावर कुणाचा तरी खालचा जबडा वाट बघत होता. मालकीणबाईंनी विचारलं, “काय म्हणाले डॉक्टर?”

“पाठ वाकडी आहे म्हणाले.”

“अगं, ते आम्ही फुकटात सांगितलं असतं!”

सगळे हसले, तीही हसली, आणि हसणं खरंच आलं याचं तिला नवल वाटलं. मग मेणात एकेक दात बसवताना मात्र राग आला. सावकाश, मेण तापतं तसा. संध्याकाळी नानांना एकच वाक्य ऐकवायचं — बसण्याचा काही संबंध नव्हता. घरी पोचेपर्यंत ते वाक्य तिनं मनात कितीदा तरी घोळवलं.

नाना चहा पीत होते. आता त्यांचीच पाठ इतकी वाकली होती, की कप तोंडाशी नेण्याऐवजी तोंडच कपाशी न्यावं लागे. ती समोर बसली आणि भलतंच बोलून गेली.

“नाना, आत्याची पाठ कशामुळे तशी होती?”

कप बशीत टेकला. 

“पाहुणे आले की आमची आई तिच्या खोलीचं दार ओढून घ्यायची,” ते म्हणाले. “सरळ असती तर माझ्याहून उंच झाली असती ती.” मग तिच्याकडे न बघता, “तू पाठमोरी केस पुसत उभी होतीस एकदा. तुझं खांद्याचं हाड दिसलं मला. अगदी तिच्यासारखं.”

“मग डॉक्टरकडे का नाही नेलंत?”

“तेच आहे म्हणाला असता तर?... भिंत काही म्हणत नव्हती.”

तिनं घोळवलेलं वाक्य तोंडातच राहिलं. ते ज्यांना ऐकवायचं ते कवायतीचे मास्तर समोर नव्हतेच. तिथे एका बंद दाराबाहेर उभा राहिलेला भाऊ होता. पण त्याला ठाऊक होतं! ठाऊक असून त्यानं आळस म्हटलं, आणि तेवढ्यात पट्ट्याचं वय निघून गेलं... भीती होती, हे खरं. मला सांगायला हवं होतं, हेही खरंच. दोन्ही एकमेकांना खोडत नव्हती.

“दुखतं का गं?” नानांनी विचारलं. आजवर त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

“दुखतं.”

त्यांनी मान हलवली. तिच्या पाठीत आपसूक एक कल आला, तो तिनं येऊ दिला. राग गेला नव्हता, पण त्याच्या शेजारी आता खिडकीतली ती पाठमोरी बाई येऊन बसली होती, आणि तिचा चेहरा काही केल्या दिसत नव्हता.

“आत्या हसायची का हो, नाना?” तिनं विचारलं, आणि हे आपण रागानं विचारतोय की मायेनं, ते तिचं तिलाच कळेना.