लॉक बिघडलेली खोली

नैनाने दूध काढायचा पंप सुरू केला आणि एक पाय लांब करून दाराला टेकवला. अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या या ऑफिसात नव्याने आई झालेल्यांसाठी ठेवलेल्या खोलीचं लॉक पुन्हा बिघडलं होतं. पलीकडे कॉन्फरन्स रूममध्ये सगळे तिच्यासाठी थांबलेले. तिला कंपनीत पार्टनर करायचं ठरलं होतं, फक्त तिचा होकार बाकी होता. आणि तिला नाही म्हणायचं होतं. दर सोमवारी पहाटे क्लायंटकडे जायचं विमान, गुरुवारी परत; पार्टनर झाली की हे कायमचंच. मधल्या दिवसांत तिची छोटी लेक केया व्हिडिओ कॉलवर फोनच्या काचेला गाल लावते, ते आता तिच्याने बघवत नव्हतं.

पण तिचं नाव गिरिजामावशींनी सुचवलं होतं. या कन्सल्टिंग कंपनीत पार्टनर झालेली पहिली भारतीय बाई. आज त्यांचा इथला शेवटचा दिवस. त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

मावशी ऑफिसात चहा-कॉफीच्या भांड्याला हात लावत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. नैना नवी असताना प्लेनो शहरातल्या एका क्लायंटकडे तिने घरच्या सवयीने सगळ्यांना कॉफी ओतून दिली होती. मग तो क्लायंट दिवसभर तिलाच झेरॉक्स काढायला सांगत राहिला. परतताना मावशी एवढंच म्हणाल्या होत्या,

"पाहुणचार घरी कर. इथे एकदा ओतलीस की जन्मभर ओतत बसशील."

दारावर टकटक झाली.

"मी आहे गं. पाय काढ."

मावशी आत आल्या. हातात वाफाळता चहा.

"तुम्ही? कप घेऊन?"

"वाटेत एकाने स्वतःचा मग पुढे केला. म्हटलं, मशीन तिकडे आहे."

नैना हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"मावशी, मी नाही म्हणणार आहे त्यांना."

मावशींनी दार लोटलं. उंच टाचांचे बूट काढून ठेवले आणि दारालाच पाठ टेकून उभ्या राहिल्या. पाय सुजले होते.

"माझ्या ईशानच्या वेळी मी स्टेशनरीच्या खोलीत बसायचे. असाच पाय लावून. दूध बेसिनमध्ये ओतून द्यायचे. फ्रिजमध्ये ठेवायची लाज वाटायची."

"मग टिकलात कशा?"

"दमत दमत. नाही म्हणता येतं, हे कुणी सांगितलंच नाही यार."

"तुमचा शब्द जाईल."

"जाऊ दे. संध्याकाळी आयकार्डही जाणारच आहे."

बाहेरून कुणीतरी दाराची मूठ फिरवली. "गिरिजा, नैना आहे का आत? सगळे खोळंबलेत."

"खोळंबू देत," मावशी इंग्रजीत म्हणाल्या. दाराला टेकलेली पाठ हलवली नाही.

नैनाचे दोन्ही हात पंपाच्या बाटल्यांवर होते. मावशींनी कप फुंकला आणि हात लांबवून तिच्या ओठांशी धरला.

"साखर बघ हं. इथे कधी कुणासाठी चहा केला नव्हता."